सगळ्या शर्यती जिंकूनही हरणारा संघ

आमच्या न्यू जर्सीत शुक्रवारची रात्र होते तेव्हा सांगलीत शनिवारची सकाळ उजाडलेली असते, आणि पहिला चहा झाला की बाबांचा फोन येतो. नात शाळेच्या पोहण्याच्या टीममध्ये गेल्यापासून त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मग, नंबर कितवा आला?"

पहिल्या वर्षी मी थातुरमातुर उत्तरं देऊन वेळ मारून नेली. कारण खरं उत्तर असं होतं की ती शर्यतीत तिसरी आली, तरी टीम जिंकली. राज्याच्या यादीत ती बरीच खाली आहे. आणि एका वेबसाइटवर तिच्या नावापुढे एक आकडा आहे, जो जितका कमी तितका चांगला. यातला नंबर कुठला? मलाच कळत नव्हतं, तर बाबांना काय सांगणार!

मग आईवडिलांना आळीपाळीने लागणारी टायमिंगची ड्युटी माझ्याही गळ्यात पडली. साध्या शालेय सामन्यात अनेकदा लेनच्या टोकाला स्टॉपवॉच घेऊन पालकच उभे असतात. एका लेनला तीन घड्याळं असतील तर मधली वेळ धरतात, सगळ्यात जलद आणि सगळ्यात मंद दोन्ही सोडून देतात. पायांवर पाणी उडवून घेत दोन हंगाम उभं राहिल्यावर हे गणित डोक्यात शिरलं. इथल्या हायस्कूल पोहण्यात नंबर एक नसतो. कोणी कोणाला हरवलं याचा एक, हंगामाच्या शेवटी सगळे एकत्र आल्यावर काय झालं याचा दुसरा, आणि घड्याळ काय म्हणतं याचा तिसरा. हे तिघे एकमेकांशी सहमत असतीलच असं नाही. बऱ्याचदा नसतातच.

आधी ड्युअल मीट, म्हणजे दोन शाळांमधला सामना. हंगामातले बहुतेक दिवस याच्यातच जातात. हायस्कूल खेळांचे नियम ठरवणारी राष्ट्रीय संघटना इंडियानापोलिसमध्ये आहे. तिच्या कार्यक्रमात बारा प्रकार असतात. आठ वैयक्तिक शर्यती, तीन रिले (चौघांनी एकापाठोपाठ पोहायच्या शर्यती) आणि एक डायव्हिंग. आमच्या न्यू जर्सीत शाळांच्या सामन्यात डायव्हिंग नसतं, म्हणून अकराच. एका मुलाला जास्तीत जास्त चार प्रकारांत उतरता येतं, आणि त्यातल्या वैयक्तिक शर्यती दोनपेक्षा जास्त नाहीत. हा दोनचा नियम लक्षात ठेवा, पुढची सगळी गंमत त्याच्यात आहे.

सहा लेनचा तलाव, प्रत्येक शाळेला तीन लेन. वैयक्तिक शर्यतीत पहिल्या पाच जणांना ६, ४, ३, २, १ असे गुण. सहाव्याला भोपळा. रिलेला ८, ४, २, आणि एका शाळेच्या दोनच रिले गुण मिळवू शकतात. बेरीज करून बघा: वैयक्तिक शर्यतीत १६ गुण वाटले जातात, आठ शर्यतींचे १२८, रिलेत १४, तीन रिलेंचे ४२. एकूण १७०. म्हणून आमच्याकडे ८५-८५ म्हणजे बरोबरी, आणि ८६ ला पोचलं की सामना खिशात. डायव्हिंग असेल तिथे एकूण १८६ होतात आणि ९४ लागतात.

आता शेवटची रिले, ४०० यार्ड फ्रीस्टाइल, बाकी आहे असं समजा. फळ्यावर आपली शाळा ८०, समोरची ७६. समोरच्यांच्या चार मुली ताडताड पोहून पहिल्या येतात. त्यांच्या बाजूला आरडाओरडा, उड्या, मिठ्या. त्यांचे झाले ८४. आपली मुख्य रिले टीम दुसरी आली, ४ गुण, म्हणजे आपलेही ८४. आता सगळा सामना तिसऱ्या नंबरच्या २ गुणांवर अडकलाय, आणि त्या दोन गुणांसाठी पोहतायत आपली दुय्यम रिले आणि त्यांची दुय्यम रिले. ज्यांची नावं पेपरात कधी छापून येणार नाहीत अशा मुली. आपली चौथी मुलगी अर्ध्या हाताने आधी भिंतीला टेकली तर ८६-८४ आपण जिंकलो. त्यांची टेकली तर तेच आकडे उलटे. पलीकडे पहिल्या आलेल्या मुली अजून नाचतायत, आणि त्यांचे कोच मात्र हातातल्या कागदाकडे बघत गप्प उभे आहेत. हे दृश्य मी प्रत्यक्ष पाहिलंय, फक्त मधले आकडे इथे सोयीसाठी बसवलेत.

ड्युअल मीटमध्ये रुंदीला, म्हणजे बरेच जण बऱ्यापैकी पोहणारे असण्याला, किंमत असते. एक टोकाचं उदाहरण घेऊ. एका शाळेत चारच पोहणारे आहेत, पण चौघं हिरे. प्रत्येकाने आपल्या दोन्ही वैयक्तिक शर्यती जिंकल्या, म्हणजे आठच्या आठ. शिवाय चौघांनी मिळून दोन रिले जिंकल्या. तिसरीत उतरायची परवानगीच नाही, चारची मर्यादा संपली. गुण किती? आठ सहे अठ्ठेचाळीस, अधिक सोळा, चौसष्ट. समोर तीस-चाळीस साध्यासुध्या मुलांची शाळा. प्रत्येक शर्यतीत त्यांचा दुसरा, तिसरा, चौथा: ४ + ३ + २ म्हणजे ९, असे आठ वेळा ७२. हरलेल्या दोन रिलेंत सहा-सहा, आणि बिनविरोध मिळालेल्या तिसऱ्या रिलेत आठ आणि चार. एकूण ९६. आठ शर्यतींत आठही पहिले नंबर मिळवून, दोन रिले जिंकून, हिऱ्यांची शाळा ९६-६४ अशी सडकून हरली!

बाबांना हे पटायला दोन फोन लागले. ते आधी म्हणाले, "हा काय न्याय झाला?" मग स्वतःच म्हणाले, "म्हणजे आपल्या तालमीसारखं आहे. एक पैलवान मोठा झाला म्हणून तालीम मोठी होत नाही."

ड्युअल मीटच्या गुणांवरून टीमची ताकद मोजू नये याला आणखी एक कारण आहे. सामना हाताशी आला की पुढे असलेल्या टीमचे कोच उरलेल्या शर्यतींत आपल्या मुलांना 'एक्झिबिशन' म्हणून उतरवतात. पोहतात, वेळ नोंदली जाते, पण गुण घेत नाहीत. समोरच्याची इभ्रत राखायची रीत आहे ती. त्यामुळे फळ्यावर ९८-७२ दिसलं तरी प्रत्यक्षात सामना किती एकतर्फी होता ते कळत नाही. कधी कोच मुद्दाम मुलांना त्यांच्या नेहमीच्या नसलेल्या शर्यतीत टाकतात. तेव्हा 'आम्ही अमुक शाळेला हरवलं, अमुक शाळेने तमुकला हरवलं, म्हणून आम्ही तमुकपेक्षा भारी' हा आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा लाडका युक्तिवाद फार धरू नये.

हंगामाच्या शेवटी कौंटी, विभाग आणि मग राज्य अशा मोठ्या स्पर्धा येतात आणि सगळं गणित बदलतं. इथे पहिल्या सोळा जणांना गुण असतात: पहिल्याला २०, दुसऱ्याला १७, मग १६, १५, १४, १३, १२ आणि आठव्याला ११, नवव्याला ९, दहाव्याला ७, आणि तिथून एकेक कमी होत सोळाव्याला १. रिलेला दुप्पट. आता आपल्या चार हिऱ्यांना इथे आणा. आठ शर्यतींचे १६०, दोन रिलेंचे ८०, एकूण २४०. आणि ज्यांनी त्यांना धूळ चारली त्या शाळेच्या मुलांची मजल राज्याच्या पहिल्या सोळात गेली नाही तर त्यांना शून्य. तीच मुलं, तेच हात-पाय, फक्त मोजपट्टी बदलली.

आमचं राज्य यात वेगळं आहे. न्यू जर्सीत शाळांचं राज्य विजेतेपद ड्युअल मीटच्याच पद्धतीने, बाद फेऱ्या खेळवून ठरतं, आणि वैयक्तिक चमक दाखवायला 'मीट ऑफ चॅम्पियन्स' वेगळी असते. म्हणजे रुंदीचा मान वेगळा, उंचीचा वेगळा. मला हे जास्त पटतं, पण मी पडलो पक्षपाती. लेक दुय्यम रिलेत पोहते.

मोठ्या स्पर्धांमध्ये सकाळी प्राथमिक फेरी आणि नंतर अंतिम फेरी असते. सकाळचे पहिले आठ मुख्य फायनलमध्ये, पुढचे आठ दुसऱ्या फायनलमध्ये. दुसऱ्या फायनलमधला कितीही वेगात पोहला तरी नवव्याच्या वर जात नाही. सकाळी झोपेत पोहून नववा आलेला मुलगा संध्याकाळी पेटून उठला आणि मुख्य फायनलमधल्या चौथ्यापेक्षाही जलद पोहला, तरी त्याला मिळणार ९ गुण आणि त्या चौथ्याला १५. पण देशाच्या वेळेच्या यादीत हाच पठ्ठ्या त्या चौथ्याच्या वर असणार. एकाच संध्याकाळी एकाच पोहण्याचे दोन वेगवेगळे नंबर.

शाळांचे गट कसे पाडतात यावरही बरंच अवलंबून आहे. बहुतेक राज्यांत विद्यार्थिसंख्येवरून गट पाडतात. न्यू जर्सीत त्यात सरकारी आणि खाजगी असाही भेद आहे. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलची बोल्स ही खाजगी शाळा, जिथे जोसेफ स्कूलिंग आणि रायन मर्फी शिकले. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्कूलिंगने १०० मीटर बटरफ्लायमध्ये अमेरिकेच्या मायकेल फेल्प्सला मागे टाकून सिंगापूरला पहिलं सुवर्ण दिलं आणि मर्फीने तीन सुवर्णपदकं मिळवली. अशी शाळा, पण पटसंख्या कमी, म्हणून राज्याच्या स्पर्धेत उतरायची सगळ्यात लहान, वन-ए गटात. तिथल्या बाकीच्या लहान शाळांना काय वाटत असेल ते त्याच जाणोत. उलट इंडियानात पोहण्याला गटच नाहीत. लहान-मोठ्या सगळ्या शाळा एकाच तलावात. आणि तिथे कार्मेल हायस्कूलच्या मुलींनी १९८७ पासून २०२४ पर्यंत सलग ३८ वर्षं राज्य विजेतेपद सोडलेलं नाही. पहिल्या वर्षी पोहलेल्या मुलींच्या मुलीही आता शाळा संपवून बाहेर पडल्या असतील. त्यांच्या आधीचा सलग विजेतेपदांचा विक्रम हवाईतल्या पुनाहू शाळेच्या मुलींचा होता, २९ वर्षांचा. असलं राज्य एकदोन हिऱ्यांवर चालत नाही. दर वर्षी नवी फळी तयार लागते, आणि त्यासाठी शाळेइतकाच गावातला क्लबही लागतो.

हिरा किती मोठा असला तरी दोन शर्यतींच्या नियमाने बांधलेला असतो याचं उत्तम उदाहरण मिसी फ्रँकलिन. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये चार सुवर्णपदकं जिंकून ती परत कोलोरॅडोत आली, आणि २०१३ मध्ये आपल्या रेजिस जेझुइट शाळेकडून राज्य स्पर्धेत उतरली. शेजारच्या लेनमधल्या मुलींवर हा अन्याय नाही का, अशी कुजबुज तेव्हा झाली. पण ऑलिम्पिक विजेती असली तरी तिलाही शर्यती मिळाल्या दोनच, आणि दोन रिले.

मग अख्ख्या देशात पहिली शाळा कोणती? सगळ्या राज्यांच्या विजेत्यांना एका तलावात उतरवणारी अधिकृत राष्ट्रीय स्पर्धा हायस्कूलसाठी नसतेच. देशाचा पहिला नंबर हा कागदावर लढवलेल्या कुस्तीतला पहिला नंबर आहे. सगळ्या शाळांच्या मुलांच्या हंगामातल्या उत्तम वेळा गोळा करायच्या, जणू सगळे एका दिवशी एकत्र पोहले असं मानायचं आणि गुण वाटायचे. म्हणून इंग्रजीत त्याला काल्पनिक अशा अर्थाचंच विशेषण लावतात. त्यात हंगामही एक नाही. इलिनॉयमध्ये मुली शरद ऋतूत पोहतात आणि मुलं हिवाळ्यात. कॅलिफोर्नियात दोघंही वसंतात, उघड्या तलावांत. त्यामुळे शाळेचं वर्ष संपेपर्यंत देशाची यादी पुरी होत नाही.

हायस्कूल कोचांची एक राष्ट्रीय संघटना दर वर्षी प्रत्येक प्रकारातल्या पहिल्या शंभर वेळांची यादी काढते, आणि त्यात आलेल्या मुलांना 'ऑल-अमेरिकन' म्हणतात. इथल्या मराठी घरांत या शब्दाला जवळजवळ बोर्डात येण्याइतकं वजन आहे. पण दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, ही यादी आपोआप तयार होत नाही. कोचने अर्ज करावा लागतो. ते विसरले तर वेळ कितीही चांगली असो, नाव गायब. दोन, फक्त शाळेच्या स्पर्धेतली वेळ चालते. बरीच चांगली मुलं वर्षभर क्लबमध्ये पोहतात आणि आपली सर्वोत्तम वेळ क्लबच्या स्पर्धेत काढतात. ती वेळ इथे नाही चालत. क्लबच्या जगाची शिडी निराळी: बी, डबल बी, ए, आणि तिथून चार ए पर्यंत. चार एची मुलगी शाळेच्या यादीत दिसली नाही तर लगेच भुवया उंचावू नका. तिने शाळेकडून ती शर्यत पोहलीच नसेल.

रिलेतल्या वेळेचीही एक खोच आहे. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मुलीला आधीची येताना दिसत असते, त्यामुळे त्या झेप आधीच सुरू करतात आणि अर्ध्या सेकंदाच्या आसपास फायदा मिळवतात. म्हणून त्यांची वेळ वैयक्तिक वेळ म्हणून धरत नाहीत. पहिली मात्र शिट्टी आणि भोंग्यावरच सुटते, तिची धरतात. एखाद्या मुलीला यादीत जाण्यापुरती वेळ काढायची असेल तर कोच तिला रिलेत मुद्दाम पहिली पाठवतात. हिशेबी कोच ओळखायचा असेल तर रिलेचा क्रम बघावा.

बाबांचा पुढचा प्रश्न अगदी रास्त होता: "आपल्या शेजारच्या पोराची शंभरची वेळ हिच्यापेक्षा जास्त आहे, मग ही त्याच्यापेक्षा जलद का?" नाही. इथले शाळांचे तलाव २५ यार्डांचे असतात, म्हणजे २२.८६ मीटर. हिचे शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, त्याचे पुरे शंभर मीटर. शिवाय २५ यार्डांच्या तलावात शंभरला तीन वळणं आणि ५० मीटरच्या तलावात एकच, आणि प्रत्येक वळणाला भिंतीला लाथ मारून फुकटचा वेग मिळतो. दोन वेळांची थेट तुलना करायची नाही. बदलायचे तक्ते आहेत, पण ते अंदाजच. ज्याची वळणं चांगली त्याला यार्ड धार्जिणे असतात.

वेगवेगळ्या शर्यतींतल्या मुलांची तुलना करायला पॉवर पॉइंट लागतात. मूळ कल्पना जागतिक संघटनेच्या सूत्रात स्वच्छ दिसते. त्या शर्यतीची आधारभूत वेळ, जी जागतिक विक्रमावरून ठरते, तिला तुमच्या वेळेने भागायचं, उत्तराचा घन काढायचा आणि हजाराने गुणायचं. पुरुषांची १०० मीटर फ्रीस्टाइल घ्या. चीनच्या पान झानलेने २०२४ मध्ये पॅरिसला ४६.४० सेकंदांचा विक्रम केला. तो आधार धरला तर ५१ सेकंदांना ७५३ गुण आणि ५० सेकंदांना ७९९. एका सेकंदाला ४६ गुण. आता खाली या: ६१ सेकंदांना ४४० आणि ६० सेकंदांना ४६२. तोच एक सेकंद, पण गुण २२. नव्याने शिकणारं पोर महिन्यात सेकंद काढतं, आणि वरच्या पोराला त्याच सेकंदासाठी दोन वर्षं झिजावं लागतं. घन काढल्यामुळे ही गोष्ट आकड्यात उतरते. अमेरिकेत यार्डांसाठीही असेच तक्ते आहेत, आणि त्यांच्यामुळे ब्रेस्टस्ट्रोकवाली आणि पाचशे यार्डवाली यांना एका तराजूत टाकता येतं.

आणि तो कमी असेल तर चांगला असलेला आकडा? तो स्विमक्लाउड या वेबसाइटचा पॉवर इंडेक्स. मुलाच्या मोजक्या उत्तम शर्यती घेऊन १ ते १०० मधला एक आकडा काढतात; १ म्हणजे शिखर. कॉलेजसाठी मुलं हेरणाऱ्यांच्या सोयीचा तो प्रकार. इथल्या पालकांना त्याचं वेडच लागलेलं असतं, आणि मीही काही महिने रोज रात्री बघायचो, शेअर बाजार बघावा तसा. मग लक्षात आलं की लेक एका शतांशाने पुढे सरकली नाही तरी आकडा हलतो, कारण बाकीची पोरं पोहत असतात. कॉलेजचे कोच शेवटी वेळा बघतात. कॉलेजातही यार्डांतच पोहतात आणि तिथल्या बऱ्याच मोठ्या स्पर्धांतही २०, १७, १६ असेच गुण मिळतात. त्यामुळे त्यांचा सवाल साधा असतो: ही वेळ घेऊन आमच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या गटाच्या स्पर्धेत, ही मुलगी पहिल्या सोळात येईल का? शाळेने किती सामने जिंकले हे क्वचितच कोणी विचारतं.

शतांशाच्या खाली मात्र कोणी जात नाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर मेडलेचं सुवर्ण स्वीडनच्या गुन्नार लार्सनला अमेरिकेच्या टिम मॅकीवर दोन हजारांश सेकंदाने दिलं गेलं. मग शहाणपण सुचलं की तलावाच्या लेनच इतक्या काटेकोर सारख्या बांधता येत नाहीत. एका लेनची भिंत तेवढ्यापेक्षा जास्त पुढे-मागे असू शकते. तेव्हापासून शतांशात बरोबरी म्हणजे बरोबरी. रिओत १०० मीटर बटरफ्लायचं रौप्य म्हणूनच तिघांनी वाटून घेतलं, ५१.१४ वर.

गेल्या शनिवारी, म्हणजे आमच्या शुक्रवारी, नेहमीच्या वेळी फोन वाजला. आम्ही नुकतेच सामन्याहून आलो होतो, लेकीचे केस अजून ओले होते आणि घरभर क्लोरीनचा वास. बाबांनी नंबर विचारलाच नाही. म्हणाले, "शेवटच्या रिलेआधी किती झाले होते?"

"७९-७७," लेक म्हणाली.

पलीकडे थोडा वेळ शांतता. आकडेमोड चालली असावी. "म्हणजे पहिली आली असती तर तिसरी लागत नव्हती. पण दुसरी आली असेल, तर बरोबरीलाही तिसरी पाहिजेच." मग, जरा दबक्या आवाजात: "तुमची तिसरी आली का?"

"आली," ती म्हणाली. "मीच शेवटची होते, आजोबा."